राखेपासून साबणाची लाय, आणि चुना विसरला की होणारी फजिती

आमच्या गावच्या घरी अजून चूल पेटते आणि अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब आहे, त्यामुळे राख ही आमच्याकडे कधीच कमी न पडणारी वस्तू. आज्जी भांडी राखेनेच घासायची आणि तेलकट कढई घासताना तिच्या हाताला जरा बुळबुळीत लागायचं, ती म्हणायची राख तेल खाते. खरं तर तिथे चिमूटभर साबणासारखंच काहीतरी तयार होत होतं हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर अर्थातच डोक्यात किडा शिरला की मग आख्खा साबणच का नाही करायचा घरच्या राखेचा, घरच्या खोबरेल तेलाचा, विकतचं कॉस्टिक (तेलाचा साबण करणारं जहाल रसायन) न आणता.

आधीच सांगतो, पैसे वाचवायला हे करू नका. कॉस्टिक सोडा स्वस्त मिळतो आणि त्याने साबण एका तासात घोटून होतो. हे ज्यांना राखेत हात घालायची हौस आहे त्यांच्यासाठी आहे, आणि त्यातही मी जे पहिल्या दोन वेळा चुकलो ते तुम्ही चुकू नये म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिल्या वेळी मी काय केलं, तर बादलीत राख भरली, पाणी ओतलं, खालून चहाच्या रंगाचं पाणी गाळून घेतलं, आटवलं, त्यात अंडं सोडलं तर अंडं मस्त तरंगलं, झालं, म्हटलं लाय (साबणासाठी तेलात घालायचं जहाल पाणी) तयार. अर्धा लिटर खोबरेल त्यात ओतून चार तास ढवळत बसलो, हात भरून आले, रात्री झाकून ठेवलं आणि सकाळी बघतो तर तेल वर आणि पाणी खाली, जणू काही घडलंच नाही. आई म्हणाली तेल फुकट घालवलंस, आणि ते खरंच होतं.

कारण असं की राखेतून पाण्यात जे उतरतं ते मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं, कॉस्टिक नव्हे. साबणाला लागतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड. दोन्ही हाताला बुळबुळीत, दोन्हीने हळद लाल होते, दोन्हीत अंडं तरंगतं, त्यामुळे माणूस फसतो. कार्बोनेटला तेलाचा रेणू फोडायला जोर पुरत नाही, ते फक्त खवट तेलात आधीच सुट्टी झालेली जी फॅटी अ‍ॅसिडं असतात तेवढ्यांनाच पकडतं. ताज्या खोबरेलात तशी सुट्टी अ‍ॅसिडं नसल्यातच जमा, म्हणून माझं तेल तसंच राहिलं. हे कार्बोनेट कॉस्टिकमध्ये बदलायला चुना लागतो. चुना घातला की कार्बोनेट चुन्यातल्या कॅल्शियमला जाऊन चिकटतं, खडू होऊन तळाशी बसतं, आणि वर राहतं ते खरं जहाल पाणी. लाय करायची म्हणजे ही पायरी करायचीच, ती गाळली की सगळं गाळलं.

आणि हे आपल्याकडे काही नवीन नाही बरं का. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ११ वा अध्याय क्षार कसा करायचा यावरच आहे. राखेच्या सहापट पाणी किंवा मूत्र घ्यायचं, २१ वेळा गाळायचं, आटवत ठेवायचं, आणि मग चुनखडी, शिंपले, शंख असलं काही लालबुंद तापवून त्याच खाराच्या पाण्यात विझवून त्यात मिसळायचं. तापवलेला शिंपला म्हणजे कळीचा चुनाच की! साबणासाठी नव्हतं ते, मूळव्याध भगंदर असल्या गोष्टींवर लावायला होतं (क्षारसूत्राच्या दोऱ्याला आजही आघाड्याचा क्षार लावतात), पण रसायन तेच. मी हे वाचलं तेव्हा माझ्या पहिल्या बादलीची मला फार लाज वाटली.

राख कुठली

सगळी राख सारखी नसते, हा विषय खरा महत्त्वाचा. टणक लाकडाची राख चांगली, म्हणजे बाभूळ, आंबा, ऐन, धावडा, चिंच. विदर्भात, मराठवाड्यात असाल तर पऱ्हाटी आणि तुराट्या चालतील. आमच्या कोकणात नारळाची सोडणं, करवंट्या, पोया, झावळ्यांचे जाड दांडे ढिगाने असतात आणि सोडणाच्या राखेत पोटॅश (म्हणजे तेच पोटॅशियम कार्बोनेट) भरपूर. सगळ्यात भारी म्हणजे केळीचा खांब. घड उतरवल्यावर खांब चिरून उन्हात वाळवायचा (वाळायला वेळ लागतो, पाणीच पाणी असतं त्यात), मग जाळायचा. आसामात केळीच्याच राखेचं पाणी गाळून कोलाखार करतात आणि तो भाजीत घालतात, म्हणजे केळीत खार किती असेल बघा.

नको असलेली राख: भाताचं तूस, पेंढा, उसाची चिपाडं. यांच्या राखेत बहुतेक वाळूच असते म्हणजे सिलिका, तुसाच्या राखेत तर निम्म्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे गुऱ्हाळावरून पोतं भरून फुकट राख मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका. शेणींची राखही नको, तिच्यात माती फार. दगडी कोळशाची राख अजिबात नको. बेकरीच्या भट्टीतली राख आणायच्या आधी विचारा काय जाळताय, पुष्कळदा भंगार फर्निचर, रंगवलेलं लाकूड, प्लायवूड जळतं त्यात आणि त्या रंगातलं शिसं बिसं तुमच्या साबणात कशाला. होळीच्या राखेचंही तेच, गवऱ्या, नारळ, फटाके, प्लॅस्टिकच्या माळा, कोणी काय टाकलंय देव जाणे. ती अंगाला लावायला ठीक आहे, साबणाला नाही.

राख पांढरी किंवा फिकट करडी पाहिजे. काळी असेल तर अजून कोळसा आहे त्यात, चाळणीने कोळसे काढा, परत चुलीत टाका. आणि राख कोरडीच पाहिजे, पावसात भिजलेली राख म्हणजे दुसऱ्याने आधीच उकळून घेतलेली चहापत्ती, पोटॅश सगळं वाहून गेलेलं असतं. मी पत्र्याच्या डब्यात साठवतो. प्लॅस्टिकमध्ये लगेच भरू नका, राखेत निखारा दोन दोन दिवस जिवंत राहतो, माझी एक चांगली बादली तळाला भोक पडून गेली अशी.

साधारण हिशोब म्हणाल तर १०० किलो लाकूड जळून राख एक किलोच्या आसपास, लाकडाप्रमाणे कमीजास्त. आणि राखेतला मोठा भाग चुनखडीच असतो जी पाण्यात विरघळत नाही. मला १० किलो मिक्स राखेतून (निम्मी बंबातली, निम्मी सोडणांची) साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास कोरडा खार (राखेचं पाणी आटवून उरतो तो) मिळाला, तुम्हाला वेगळा मिळेल, म्हणून पुढे सगळी मापं राखेवर नाही तर वजन केलेल्या खारावर देतोय.

भांडी आणि जीव

जर्मनचं भांडं नको म्हणजे नको. लाय अ‍ॅल्युमिनियमला खाते, फसफसते आणि हायड्रोजन सुटतो जो पेट घेतो. पितळ नको, कल्हईचं नको, कल्हई निघून जाईल. स्टील चालतं, लोखंडी कढई चालते, मातीचं मडकं चालतं, जाड प्लॅस्टिकची बादली गार पाण्यासाठी चालते. ढवळायला लाकडी किंवा स्टीलचा डाव. गाळायला सुती कापड, जुनं धोतर बेस्ट. रेशमी किंवा लोकरीचं वापरलंत तर लाय कापडच विरघळवून टाकेल, केस पिसं लोकर सगळं एकाच जातीचं तिला.

चष्मा लावा. साधा नंबरचा नाही, बाजूने बंद असणारा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, पायात चपला नाही तर बूट. पोरंटोरं, मांजर, कुत्रा लांब. अंगावर उडालं तर नळाखाली धरा आणि धरून ठेवा, १५-२० मिनिटं, डोळ्यात गेलं तर तसंच धुवत धुवत थेट डॉक्टरकडे. लिंबू पिळायचं नाही वर, कोणी कितीही सांगू दे, आंबट आणि खार एकत्र आले की गरम होतं आणि भाजल्यावर अजून भाजतं. पानाच्या चुन्याची ट्यूब दाबताना तोंड फुटून चुना डोळ्यात गेलेली लहान मुलं डोळ्यांच्या डॉक्टरांना नेहमी बघायला मिळतात, आणि चुना तर यातला मवाळ गडी आहे, तेव्हा समजून घ्या.

राखेचं पाणी काढणं

पाणी पावसाचं घ्या. बोअरचं किंवा विहिरीचं जड पाणी घेतलं तर त्यातलं कॅल्शियम तुमचा खारही खातं आणि पुढे साबणही. कोकणात जून ते सप्टेंबर पन्हळीखाली टीप लावून ठेवलं की झालं, पहिल्या दोन पावसांचं सोडून द्या, कौलं धुऊन निघू देत. बाकी दिवसांत आरओचं किंवा एसीतून गळणारं पाणी वापरा.

२० लिटरची बादली घ्या, रंगाच्या डब्याची जाड बादली मिळते ती, तळाशी बाजूला भोक पाडून प्लॅस्टिकची तोटी बसवा. आत खाली धुतलेली खडी, त्यावर नदीची वाळू (समुद्राची नको, मीठ असतं), त्यावर मूठभर पेंढा किंवा काथ्या, त्यावर सुती कापड. आता राख.

इथे मी दुसऱ्यांदा चुकलो. कोरडी राख भरून वरून भसाभसा पाणी ओतलं, तर पाणी बादलीच्या कडेकडेने वाट काढून खाली आलं आणि मधली राख आतून कोरडीच्या कोरडी. राख आधी घमेल्यात घ्यायची, पाण्याचा हबका मारत कालवायची, मुठीत धरल्यावर लाडू वळेल इतपत ओली झाली की थर देत भरायची आणि प्रत्येक थर हाताने (मोजे घालून) हलका दाबायचा. फार ठोकून भरलंत तर पाणी उतरणारच नाही. मध्ये थोडा खळगा ठेवा.

आता उकळतं पाणी थोडं थोडं त्या खळग्यात. तोटी बंद. बादली भरली, राखेच्या वर बोटभर पाणी उभं राहिलं की झाकून रात्रभर सोडून द्या. सकाळी तोटी अगदी किलकिली उघडा, थेंब थेंब आलं पाहिजे, धार नको. पहिलं येतं ते गडद, चहासारखं, तेच सगळ्यात दाट. तेवढं वेगळं ठेवा. मग परत गरम पाणी घाला, दुसरं पाणी काढा, तिसरं काढा. दुसरं तिसरं पातळ असतं ते टाकायचं नाही, पुढच्या बादलीच्या नव्या राखेवर साध्या पाण्याच्या ऐवजी तेच ओतायचं, म्हणजे आटवायला लाकूड कमी लागतं. नाहीतर होतं काय, खार करायला इतकं लाकूड जाळता की त्याच्याच राखेची अजून एक बादली भरते :)

अंडं तरंगायची परीक्षा मी आता सोडून दिलीय. जुनं अंडं साध्या पाण्यातसुद्धा वर येतं, ताजं मिठाच्या पाण्यातही तरंगतं, त्यातून एवढंच कळतं की पाण्यात काहीतरी पुष्कळ विरघळलंय. त्यापेक्षा किचनचा वजनकाटा घ्या, एक बाटली काठोकाठ साध्या पाण्याने भरून वजन करा, मग तीच राखेच्या पाण्याने भरून करा. पाणी १००० ग्रॅम भरत असेल आणि हे १०९० च्या आसपास भरलं तर त्यात साधारण १० टक्के खार आहे असं धरा. मला पहिलं पाणी एवढं जड कधी मिळालं नाही, पण केळीच्या राखेचं जवळपास गेलं होतं.

आटवून खार

आता ते पाणी स्टीलच्या पातेल्यात किंवा लोखंडी कढईत आटवायचं. घराबाहेर, मागच्या पडवीत. पाव भाग राहिलं की उतरवून रात्रभर गार होऊ द्या, तळाशी रवाळ खडे बसतील, ते मुख्यतः सल्फेट आणि इतर मीठ, साबणाला निरुपयोगी. वरचं तपकिरी पाणी अलगद ओतून घ्या आणि परत चुलीवर. शेवटी शेवटी ते पाकासारखं फुटफुट उडायला लागतं, आच अगदी मंद करा आणि चेहरा लांब. राहतो तो तपकिरी गोळा. तो लोखंडी तव्यावर चांगला भाजला की त्यातला काळा कचरा जळून खार पांढरट होतो. हाच तो पोटॅश. त्याचं इंग्रजी नावसुद्धा भांड्यात आटवलेली राख एवढ्याच अर्थाचं आहे, आणि १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने कॉस्टिक पोटॅशमधून (म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधून) वीज सोडून पोटॅशियम धातू पहिल्यांदा वेगळा काढला. म्हणजे त्या मूलद्रव्याला नावच आपल्या चुलीतल्या वस्तूचं आहे.

हा खार लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, हवेतलं पाणी ओढून घेतो आणि पावसाळ्यात तर दोन दिवसांत चिखल होतो. लाय करायची घाई नसेल तर इथे थांबता येतं, खार बरणीत वर्षभर राहतो. लाय मात्र राहत नाही, ती हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन परत कार्बोनेट होते, म्हणून ती वापरायच्या दिवशीच करायची.

चुना

कुठला चुना यावर मी बरेच प्रयोग केले. कळीचा चुना ताजा मिळाला तर उत्तम पण तो पाण्यात टाकल्यावर स्वतःच उकळतो, फुटतो, उडतो, सवय नसेल तर त्याच्या नादी लागू नका. रंगाच्या दुकानातली चुन्याची पिशवी किती जुनी आहे त्यावर आहे, हवेत राहून अर्धा चुना परत खडू झालेला असतो. सगळ्यात सोपा पानाचा चुना, पांढरा, काही वास बिस न घातलेला. ओला असतो, जवळजवळ निम्मं पाणीच, म्हणून दुप्पट घ्यायचा.

माप असं: १०० ग्रॅम खाराला कोरडा विरवलेला चुना ६० ते ६५ ग्रॅम, किंवा पानाचा चुना १२० ते १३० ग्रॅम. खार १ लिटर पाण्यात विरघळवायचा, कमी पाण्यात नाही. दाट केलं तर लवकर होईल असं वाटतं पण उलट होतं, दाट पाण्यात हा बदल अर्धवटच राहतो. पातेलं तापवा, चुना वेगळ्या पाण्यात दुधासारखा कालवून घ्या आणि डावाडावाने घालत ढवळत राहा. मंद आचेवर अर्धा पाऊण तास, पाणी आटेल तेवढं गरम पाणी घालत जा.

मग झाकून शांत बसू द्या. पांढरा गाळ खाली बसतो आणि वर चुन्याच्या निवळीसारखं स्वच्छ पाणी येतं. ते अलगद काढून घ्या, गाळ सुती कापडावर टाकून थोड्या पाण्याने धुऊन तेही त्यात मिसळा. हीच तुमची लाय.

झाली का हे तपासायला हळद कामाची नाही, ती चुन्यालाही लाल, खारालाही लाल. व्हिनेगर घ्या. एक चमचा गार झालेली गाळलेली लाय काचेच्या ग्लासात, त्यात हळूहळू तीन चमचे व्हिनेगर. सुरुवातीला काहीच होणार नाही, शेवटी शेवटी बघा. चार दोन बुडबुडे आले तर ठीक, पण सोड्यावर लिंबू पिळल्यासारखं फसफसलं तर कार्बोनेट अजून शिल्लक आहे, परत पातेल्यात, अजून दोन चमचे चुना, अजून वीस मिनिटं. आधीच्या राखेच्या पाण्याची पण एकदा हीच परीक्षा करून बघा, ते कसं उसळतं, म्हणजे फरक डोळ्यांना कळेल. हे मला आधी कळलं असतं तर अर्धा लिटर तेल वाचलं असतं.

तेलाशी गाठ

१०० ग्रॅम शुद्ध खारातून हिशोबाने ८१ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश व्हायला पाहिजे, पण आपला खार काही शुद्ध नसतो, म्हणून ६०-६५ ग्रॅम धरून चालायचं. एक किलो खोबरेलाला साधारण २५५ ते २६० ग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागतं, म्हणजे आपल्या लायला पाव किलो खोबरेल. शेंगदाणा, करंज, मोहाचं तेल यांना किलोला १८५ ते १९५ च्या आसपासच लागतं, म्हणजे तेवढ्याच लायमध्ये ते तेल तिसऱ्या हिश्श्याने जास्त बसतं.

लाय आधी ३०० मिलीपर्यंत आटवून घ्या, मंद आच, चष्मा लावून. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात तेल कोमट करा, मोठं म्हणजे तेलाच्या पाचपट, कारण हे दुधासारखं उतू जातं. निम्मी लाय घाला, ढवळा, तेल फिकट होऊन दाट होईल. मग उरलेली थोडी थोडी. सगळी एकदम ओतायची नाही, आपल्या लायचा जोर आपल्याला नक्की माहीत नाही त्यामुळे तेलालाच विचारत जायचं. दोन तीन तास मंद आचेवर, फार घट्ट झालं तर गरम पाण्याचा शिपका. आधी दह्यासारखं फुटकं दिसेल, घाबरू नका, मग खळीसारखं होईल, शेवटी मधासारखं अर्धपारदर्शक चिकट.

चमचाभर घेऊन ग्लासभर गरम पावसाच्या पाण्यात विरघळवा. स्वच्छ राहिलं तर साबण झाला, दुधाळ झालं किंवा वर तेलाचे डोळे आले तर अजून लाय पाहिजे. उलट लाय जास्त झाली का ते पीएच पट्टीने बघा, ९-१० ठीक, त्याच्या वर असेल तर दोन चमचे तेल घालून परत शिजवा. जुने लोक जिभेला लावून बघायचे, झिणझिणलं की लाय जास्त. तुम्ही पट्टीच वापरा.

हा साबण वडीसारखा होणार नाही, पोटॅशचा साबण मऊच राहतो, बरणीत भरून बोटाने घ्यायचा, आणि माझ्या मते तो असाच छान असतो. वडीच पाहिजे असेल तर खोबरेल सोडा आणि करंज किंवा मोह किंवा कोकमतेल घ्या. साबण शिजल्यावर त्यात मिठाचं दाट उकळतं पाणी घालत जायचं, एका क्षणी दूध फाटावं तसा साबण फुटून वर येतो, पोटॅशियमच्या जागी मिठातलं सोडियम बसतं आणि तो कडक होतो. वरचा लगदा काढून, थोड्या पाण्यात परत वितळवून खोक्यात ओता, वड्या कापून महिनाभर सावलीत वाळवा. खोबरेलाचा साबण असा सहज फुटत नाही, त्याला मीठ पचतं, म्हणून तर समुद्राच्या खाऱ्या पाण्यात फेस यायला दर्यावर्दी लोकांना खोबरेलाचाच साबण लागायचा. मी एकदा हट्टाने त्यात किलोभर मीठ घातलं आणि शेवटी खारट शेवाळासारखं काहीतरी मिळालं, ते गोठा धुवायला गेलं.

उरलेली बादलीतली राख फेकू नका, पोटॅश गेलं तरी चुनखडी आहेच, आमची जांभ्याची माती आंबट असते तिला ती मानवते, दोन पावसांनंतर माडांच्या आळ्यात टाकून देतो. चुन्याचा तळचा गाळ मात्र लायने ओला असतो, तो आधी तीन चार पाण्यांनी नीट धुवायचा. मी न धुता टाकला होता, आळ्याच्या कडेची अळवाची पानं दुसऱ्या दिवशी करपून पडलेली, आणि आईने त्या पानांच्या वड्या करायचं ठरवलेलं होतं.